नेल्वा ओर्रालाचं न मांडलेलं ताट

आमच्या बोका सेका गावाची नदी वर्षातले दहा महिने कोरडी असते. गावात पावाची भट्टी एकच, ती माझी. भट्टीच्या भिंतीला लागून नेल्वा ओर्रालाचं अंगण आणि अंगणापलीकडे तिचं हॉस्टेल. हॉस्टेल म्हणजे बांबूचे दोन मजले, वर एकावर एक अशा बारा खाटा, खाली स्वयंपाकघर आणि एकच लांब टेबल. पाठीवर घराएवढ्या पिशव्या घेऊन फिरणारी पोरंपोरी तिथं उतरतात. त्यांचे पाय वाळूचे, केस मिठानं ताठ झालेले. जाताना काहीतरी विसरून जातात. कुणाचा एक बूट राहतो, कुणाची अर्धी शांपूची बाटली, कुणाचा शेवयांचा पुडा. नेल्वा त्या वस्तू एका फळीवर मांडून ठेवते आणि पुढच्याला सांगते, "लागेल ते घे. देवानं पाठवलंय असं समज."

दारावर 'शांत लाट' असं नाव तिच्या मुलानं, एलियासनं, निळ्या रंगात लिहिलं होतं. आमच्या किनाऱ्यावरची लाट माणसाला उचलून तोंडावर आपटते, आणि तिथं हे नाव! गावानं त्याला पुष्कळ चिडवलं. तो म्हणायचा, "नाव वाचून येतील, लाट बघून घाबरतील. तोवर भाडं भरलेलं असेल."

एलियास माझा धर्मपुत्र. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याला मी हातांवर धरलं होतं. पाणी पडताच तो रडला नाही, शिंकला. तेवीस वर्षांचा झाला तेव्हा त्यानं बांबू तोडून वरचा मजला उभा केला आणि गाद्यांसाठी पैसे हवेत म्हणून शेजारच्या तोमासा यागुआलच्या दोन मुलांबरोबर होडी घेऊन लांबच्या मासेमारीला गेला. चार दिवसांत येणार होते. आले नाहीत. तीन आठवड्यांनी बर्फाच्या पेटीचं झाकण तेवढं किनाऱ्याला लागलं.

कुणी म्हणालं, समुद्रानं घेतलं. कुणी म्हणालं, नको ते सामान होडीत घेतलं असेल, पकडले असतील, उत्तरेकडच्या कुठल्या तरी तुरुंगात असतील. आमच्या किनाऱ्यावरचे असे किती तरी पाच-सहा वर्षांनी परत आले आहेत, पांढरे पडून, परक्या भाषेतल्या शिव्या शिकून. त्यामुळे दुसरी गोष्ट नुसती समजूत घालण्यासाठी सांगितलेली नव्हती. ती खरी होऊ शकत होती. नेल्वाचा घात तिथंच झाला.

आमच्याकडे नोव्हेंबरच्या दोन तारखेला मेलेली माणसं जेवायला येतात. ज्याला जे आवडत होतं ते रांधायचं, टेबलावर पांढरं कापड घालून ताटं मांडायची, दार ओढून घ्यायचं आणि दुपार टळेपर्यंत आत कुणी जायचं नाही. मग शेजाऱ्याला बोलवायचं. त्यानं आधी घास घ्यायचा. मेलेला माणूस जेवून गेला असेल तर अन्न तसंच दिसतं, चव मात्र गेलेली असते. ज्याच्यासाठी ताट मांडलेलं नाही तो दारोदार फिरतो, वास घेतो आणि उपाशी परत जातो. आणि जिवंत माणसाच्या नावानं ताट मांडलं, तर वर्ष उलटायच्या आत ते ताट त्याला ओढून नेतं.

आता सांगा, आईनं काय करावं? ताट मांडलं आणि पोरगा तुरुंगात जिवंत असला, तर तिनंच त्याला मारला. नाही मांडलं आणि पोरगा समुद्रात असला, तर तिनंच त्याला उपाशी ठेवला.

ऑक्टोबरच्या शेवटी घराघरांतून पीठ आणि चरबी माझ्याकडे येते. दर मेलेल्या माणसामागे बाहुलीच्या आकाराचा एक पाव, छातीवर पिठाचे हात. मी विचारतो, "कुणाकुणासाठी?" नेल्वा दर वर्षी आईचं नाव सांगायची, नवऱ्याचं सांगायची आणि थांबायची. मी पीठ चाळत राहायचो. मग ती म्हणायची, "एवढेच, कोम्पाद्रे." मुलाचा धर्मपिता म्हणून ती मला कोम्पाद्रे म्हणते.

तोमासानं दुसऱ्याच वर्षी आपल्या दोघांची ताटं मांडली. ती तोंडाची फटकळ. भट्टीवर सगळ्यांसमोर नेल्वाला म्हणाली, "तुझा पोरगा माझ्या दारात येऊन उभा राहतो, ठाऊक आहे? लहानपणी राहायचा तसा. माझे दोघं त्याला आपल्यातलं देतात. किती वर्षं माझ्याकडे जेवायला पाठवणार आहेस त्याला?"

"माझा पोरगा कुणाच्या दारात उभा राहत नाही," नेल्वा म्हणाली. "तू तुझ्यांना पुरलंस, तोमासा. मला घाई नाही."

ती वाट बघत नुसती बसलीही नाही. आठ डॉलर भाडं घ्यायची, आणि निघताना प्रत्येकाच्या हातात एलियासच्या फोटोची झेरॉक्स द्यायची. खाली नाव, वय, डाव्या कानामागचा भाजल्याचा व्रण. "जिथं जाशील तिथल्या बंदरावर एकदा विचार. एकदाच. मग फेकून दे." कुणी लिमाला गेलं, कुणी पनामाला, कुणी चिलीच्या टोकापर्यंत. आमच्या देशातला कुठलाही मंत्री जेवढा फिरला नसेल तेवढा तो फोटो फिरला.

तिसऱ्या वर्षी रोसारिओ शहरातली लेआंद्रा नावाची मुलगी आली. चार दिवसांसाठी आली आणि तापानं वीस दिवस खालच्या खाटेवर पडली. नेल्वानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, तांदळाची पेज भरवली, अंगाखालची चादर दिवसातून दोनदा बदलली, भाडं घेतलं नाही. मुलगी बरी झाली, फोटो घेऊन उत्तरेला गेली. महिन्याभरानं तिचा निरोप आला : कोलंबियाच्या एका बंदरावर पोती उतरवणाऱ्यांत असा माणूस बघितला. कानामागे व्रण होता. हाक मारेपर्यंत ट्रक निघून गेला.

त्या दिवशी नेल्वानं गावभर तळलेली केळी वाटली. तोमासा मात्र दार लावून बसली. एलियास जिवंत असेल तर तिचेही दोघं जिवंत असतील, आणि तिनं तर त्यांची ताटं मांडली होती. रात्ररात्र ती जागी असायची. मला एकदाच म्हणाली, "सेन्योर सांतोस, मी पोटच्या पोरांना बोलावून मारलं का हो?" तेव्हापासून तीन वर्षं दोघी बायका एकमेकींशी बोलल्या नाहीत.

यंदा तीस ऑक्टोबरला दुपारच्या बसनं लेआंद्रा परत आली. जरा जाड झाली होती, केस कापलेले. नेल्वानं तिला मिठी मारली ती सोडेचना. टेबलावर सात-आठ पाहुणे जेवत होते. मी पाव घेऊन गेलो होतो तो तिथंच अडकलो.

"हीच ती!" नेल्वा सगळ्यांना म्हणाली. "हिनंच माझ्या एलियासला बघितलं. सांग ना गं यांना."

"सेन्योरा नेल्वा, आत्ताच आलेय मी. नंतर..."

"लाजते बघा! मी सांगते. पोती उतरवत होता. भरला होता अंगानं, नाही का? आणि कुणीतरी काहीतरी बोललं तेव्हा हसला, मान मागे टाकून. तसाच हसतो तो. आणि लाल शर्ट."

लेआंद्रानं चमचा खाली ठेवला. तिच्या निरोपात हसणं नव्हतं, लाल शर्ट नव्हता. नेल्वानं त्या बीजाला तीन वर्षं पाणी घातलं होतं आणि आता ते झाड त्या मुलीच्या समोर उभं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भट्टीत लाकडं रचत होतो. नेल्वा अंगणात चादरी पिळत होती. लेआंद्रा आली आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. माझ्याकडे बघितलं. मी उठायला लागलो तर म्हणाली, "नका जाऊ, सेन्योर सांतोस. तुम्ही असलेलं बरं."

मग म्हणाली, "मी कुणाला बघितलं नाही, माय."

नेल्वा पिळत राहिली. "नीट धर. वाळूत लोळतंय."

"मी त्या बंदरावर गेलेच नाही. सरळ डोंगरात गेले. तुम्ही मला आईसारखं बघितलंत, आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. वाटलं, दोन ओळी लिहिल्या तर तुम्हाला चार दिवस बरं वाटेल. चार दिवस! मला काय माहीत... काल तुम्ही तो शर्ट..."

"लाल होता," नेल्वा म्हणाली.

"नव्हता, माय."

चादरीतलं पाणी टपटपत होतं. नेल्वानं ती दोरीवर टाकली, चारी कोपरे सारखे केले, चिमटे लावले. मग विचारलं, "तुझी आई आहे?"

"आहे."

"तिला सांग, पोरगी चांगली आहे तुझी. पण तिला लिहायला शिकवायला नको होतं."

मुलगी मटकन खाली बसून रडायला लागली. नेल्वा तिच्याजवळ थांबली नाही. माझ्या भट्टीपाशी आली. पिठाचा शेवटचा गोळा परातीत होता, तो तोमासाच्या घरचा.

"कोम्पाद्रे," ती म्हणाली, "अजून एक होईल?"

मी नेहमीचं विचारायच्या आत तिनंच सांगितलं, "एलियास तिग्रेरो ओर्राला." आख्खं नाव घेतलं, एखाद्या कचेरीत सांगावं तसं.

"पीठ तोमासाचं आहे," मी म्हणालो.

"मग तिला विचारते."

ती ओल्या हातांनीच गेली. मीही मागोमाग गेलो. भांडण झालं तर मध्ये कुणी हवं ना. तोमासा उंबऱ्यावर माशांची खवलं काढत होती. मान वर केली नाही.

"तोमासा, ती मुलगी खोटं बोलली होती. कुणी दिसलं नव्हतं. तू कुणाला मारलं नाहीस."

सुरी थांबली. तोमासानं हातातला मासा बाजूला ठेवला. मग खरखरीत आवाजात म्हणाली, "तीन वर्षं, नेल्वा."

"हो."

"तीन वर्षं मी त्यांच्या पावाला हात लावताना थरथरले. आणि तू केळी वाटत होतीस."

"हो."

"ये, बस. पीठ लागेल तेवढं घे. आणि रस्सा काय करणार आहेस त्याला? शेंगदाण्याचा करशील तर पातळ नको. तो माझ्याकडे पातळ खायचा नाही."

दोन तारखेला सकाळी नेल्वानं पाहुण्यांना सांगितलं, "आज स्वयंपाकघर बंद. तुमच्याआधीचे पाहुणे यायचे आहेत." ती पोरंही समजून निमूट बाहेर गेली. लेआंद्रा सगळ्यांच्या मागून पायऱ्या झाडत राहिली. तिला कुणी जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही.

हॉस्टेलच्या त्या लांब टेबलावर, जिथं एरवी परक्या मुलुखांची पोरं पत्ते खेळतात, तिथं पांढरं कापड पसरलं. आईसाठी मक्याची पेज. नवऱ्यासाठी तळलेलं डुकराचं मांस आणि एक सिगरेट. आणि मध्ये खोलगट ताटात शेंगदाण्याच्या दाट रश्शातली मासळी, हिरवी केळी, वरून कोथिंबीर, बाजूला चिरलेलं लिंबू. त्याच्यापाशी माझा पाव. पावाचे हात घडवताना माझी बोटं चुकली होती. एक हात आखूड झाला होता.

नेल्वानं ते ताट ठेवलं, मग उचललं, मग परत ठेवलं. दाराशी येऊन थांबली. ताट अजून उचलता आलं असतं. बर्फाच्या पेटीचं झाकण सोडलं तर कुणाकडेच कसला पुरावा नव्हता. तोमासानं पुढं होऊन दाराची कडी तिच्या हातात दिली. नेल्वानं दार ओढून घेतलं.

आम्ही तिघं अंगणात बसलो. आभाळ राखाडी होतं, समुद्र आपल्या नेहमीच्या आवाजात बोलत होता. तोमासानं एलियासच्या चोऱ्या सांगितल्या, वाळत घातलेले मासे तो कसे पळवायचा ते. नेल्वा एकदा हसलीसुद्धा. मग बोलता बोलता तिनं "तो असायचा" म्हटलं. सहा वर्षं ती "तो असतो" म्हणत आली होती. म्हटल्यावर तिला ते कळलं, आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडण्याचा आवाज आला नाही. खांदे तेवढे हलत होते.

दुपार टळल्यावर दार उघडलं. नियम शेजाऱ्याचा, म्हणून तोमासा पुढं झाली. नेल्वाच्या आईच्या ताटातलं, नवऱ्याच्या ताटातलं चाखलं, मान हलवली. मग मधल्या ताटात चमचा बुडवला. नेल्वा तिच्या ओठांकडे बघत होती. तोमासानं घास तोंडात बराच वेळ घोळवला.

"चव नाही," ती म्हणाली. "काही राहिलेली नाही. जेवला तो."

नेल्वानं ताट उचललं आणि माझ्या हातात दिलं. स्वतः चाखलं नाही. "खा, कोम्पाद्रे. तुमच्याच पोराचं आहे."

मी खाल्लं. शेंगदाणे खरपूस भाजलेले, मीठ नेमकं, लिंबाचा आंबटपणा जिभेच्या कडेला लागणारा. तिच्या हाताला होती ती सगळी चव त्यात होती. चाळीस वर्षं मी या गावात लोकांच्या मेलेल्या माणसांच्या ताटांतलं खात आलो आहे. चव गेलेलं एकही ताट मला अजून मिळालेलं नाही, आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

"चव नाही," मी म्हणालो, आणि ताट पुसून खाल्लं.