शिकारीला न्यायची सुरी

विक्रेत्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. सुरी मला हवी होती, हे मी दुकानात शिरताच सांगितलं होतं. तरी त्याने काचेखालचे चाकू काढून एकेक करून माझ्या नवऱ्याच्या हातात ठेवायला सुरुवात केली.

"सर, हा बघा. मागच्या बाजूला करवत आहे. मुठीत होकायंत्र आहे."

नवरा बोटीवरचा इंजिनियर. सहा महिने समुद्रावर, उरलेले इथे परदेशात, आमच्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये. हत्यार कुठलंही असो, हातात घेतल्याशिवाय त्याला राहवत नाही. पण घर त्याचं पक्कं शाकाहारी. लग्नानंतर अंड्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. पक्षी साफ कसा करतात, हे त्याला ठाऊक असण्याचं काहीच कारण नव्हतं. तरी तो पातं उजेडात धरून म्हणाला, "वजन चांगलं आहे गं."

"वजन कशाला हवंय? मला बदक साफ करायचंय, झाड तोडायचं नाही."

आता विक्रेत्याला माझी दखल घ्यावी लागली. तो हसला आणि म्हणाला, "मॅडमला फळं कापायला हवी असेल तर वरच्या मजल्यावर किचनचं दुकान आहे."

सोबत आलेली मुलगी फोनमधून डोकं वर न काढता इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली, "आई, जस्ट बाय एनीथिंग लाह."

मला असा संताप आला की तडक बाहेर पडावं. पण सुरी हवी होती.

झालं असं होतं. न्यूझीलंडच्या एका क्लायंटचं काम आमच्या टीमने चांगलं पार पाडलं होतं. त्यांचा निवृत्त झालेला अधिकारी गावाकडे मेंढ्या पाळायचा. हंगाम सुरू होताच त्याने आम्हाला बदकांच्या शिकारीला बोलावलं. बंदुका त्याच्या, परवान्याची व्यवस्था त्याने केलेली, नेम धरायला शिकवणारही तोच. आम्ही फक्त गरम कपडे आणि आपापली सुरी आणायची होती. टीममध्ये मी एकटी बाई. आमचा मॅनेजर पुण्याचा, वयाने माझ्याहून लहान. बाकी सगळ्यांना तो नावाने हाक मारायचा, मला मात्र ताई. त्याने ग्रुपवर स्वतःच्या नव्या चाकूचा फोटो टाकला. वीतभर पातं, वर दाते, काळी मूठ. खाली लिहिलं होतं, "सगळ्यांनी असाच घ्या, फोटो भारी येईल. ताई, तुम्हाला गरज नाही. तुम्ही किचनचं बघा."

मी शनिवारी दुकान गाठलं.

मी कणकवलीजवळच्या खेड्यात वाढले. आमच्याकडे कोंबडी दुकानातून तुकडे होऊन येत नसे. पिसं उपटण्यापासून काळीज वेगळं काढण्यापर्यंत सगळं आईने मला शिकवलं होतं, आणि शिकवताना ती भारी कडक असे. पित्ताची पिशवी फुटली की मटण कडू होतं आणि आईची जीभही. म्हणून पक्ष्याला कसली सुरी लागते, याबद्दल माझ्या मनात गोंधळ नव्हता. पातं तर्जनीएवढं, त्याहून मोठं नको. लांब पातं आत गेलं की टोक कुठे आहे ते कळत नाही आणि आतडं फाटतं. पातं पातळ हवं. दुमडणारी सुरी नको, सांध्यात रक्त आणि चरबी जाऊन बसते, मग कितीही धुवा, वास जात नाही. मूठ खरखरीत हवी, कारण हात ओले असतात.

हे सगळं मी त्या विक्रेत्याला इंग्रजीत, शांतपणे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि नवऱ्याला विचारलं, "सर, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही विचारू नका," नवरा म्हणाला. "मी वांगं चिरताना बोट कापून घेतो."

शेवटी मीच काचेवर बोट ठेवलं. अगदी कोपऱ्यात नारिंगी मुठीची, साधी, छोटी सुरी पडली होती. गवतात पडली तरी दिसेल म्हणून तो रंग. मी तिचं टोक पाहिलं, नखावर हलकेच धार पाहिली आणि म्यानात घालून बघितली. हीच. विक्रेत्याने ती खोक्यात बंद करून दिली. सुरी उघडी घेऊन बसमध्ये चढायचं नाही, हे मात्र त्याने मला नीट बजावलं. तेवढ्यापुरती मी त्याला दिसले.

न्यूझीलंडात थंडी कडाक्याची होती. पहिल्या दिवशी पहाटे आम्ही तळ्याकाठच्या आडोशात बसलो. बंदुका कमी होत्या, म्हणून माझी पाळी दुसऱ्या दिवशी, असं मॅनेजरने परस्पर ठरवून टाकलं. यजमानाच्या कुत्रीने पाण्यात उड्या मारून बदकं आणली. मग फोटो सुरू झाले. एका हातात बदक, दुसऱ्या हातात तो चाकू. हिरव्या डोक्याच्या त्या नराची मान फोटोसाठी इतक्या वेळा उचलली गेली की मला बघवेना.

फोटो संपल्यावर यजमान म्हणाला, "आता साफ करा. माझ्याकडे मारलेलं खातात."

मॅनेजरने पहिलं बदक घेतलं. ते पातं त्याने मुठीपर्यंत आत घातलं. आतडं फाटलं, घाण सगळ्या मांसावर पसरली. "शी!" करून त्याने हात झटकले. दुसऱ्याचीही तीच गत. मग म्हणाला, "जाऊ दे यार, फेकून देऊ. रात्री पिझ्झा मागवू."

फेकून देऊ! तासाभरापूर्वी उडत होतं ते. मी फळी ओढली, बाह्या वर केल्या आणि बसले. आधी पोटाखाली छोटी चीर, मग दोन बोटं आत आणि सगळं एकत्र बाहेर. बदकाची पिसं कोंबडीपेक्षा चिवट, खाली लव दाट, चरबीने हात निसटत होते, पण मूठ निसटली नाही. एकही आतडं फुटलं नाही. यजमान शेजारी बसून पिसं उपटू लागला. बाकीचे चहा प्यायला आत गेले. मॅनेजरने घाण केलेली दोन्ही बदकं कुत्रीसाठी बाजूला ठेवावी लागली.

रात्री जेवताना बदकाचं कौतुक झालं. मॅनेजर प्लेट पुढे करत सगळ्यांना इंग्रजीत म्हणाला, "आमच्या ताईंना असल्या कामाची सवय आहे. खेड्यातल्या आहेत." सगळे हसले.

मी काटा खाली ठेवला आणि मराठीत म्हणाले, "सवय नाही, मी हे काम शिकलेय. तुम्हाला येत नाही आणि मला येतं, एवढंच आहे. आणि मला ताई म्हणू नका."

"अहो, मी आदराने म्हणतो."

"मग या सगळ्यांना दादा म्हणा. एवढा आदर मला एकटीलाच कशाला?"

काय झालं, असं यजमानाने विचारलं. मी सगळं इंग्रजीत सांगितलं, एक शब्दही न गाळता. त्याने मान हलवली आणि मॅनेजरला म्हणाला, "उद्या पहिली बंदूक हिची."

दुसऱ्या दिवशी माझे पहिले काही बार हवेत गेले. मग एक बदक पडलं. कुत्रीने आणून माझ्या पायाशी ठेवलं. ते गरम होतं. मला आनंद झाला असं म्हणवत नाही, पण वाईट वाटून रडूही आलं नाही. मी ते तिथेच साफ केलं.

परतल्यावर शहराच्या दुसऱ्या टोकाला, यिशुनला एका मराठी कुटुंबाकडे गणपतीला गेलो. प्रसाद खाता खाता शिकारीचा विषय निघाला. मी सगळं सांगितलं. तळं, थंडी, कुत्री, माझं बदक. घरच्या बाई डोळे मोठे करून ऐकत होत्या. मग माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "मग भावोजी, बदकाची चव कशी असते हो?"

तो शिकारीला आलाही नव्हता. मोदक तोंडात असल्याने त्याने नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं. त्या बाईंना वाटलं, तो मला पाणी आणायला सांगतोय. त्या मला म्हणाल्या, "बसा बसा, मी आणते."