कापलेली हिरवी तार

लोणावळ्याच्या बाजारामागे माझं दुरुस्तीचं दुकान आहे. व्हॉल्व्हवर चालणारे जुने रेडिओ-अँप्लिफायरचे सेट दुरुस्त करणारे आता थोडेच उरलेत, म्हणून लोक लांबून येतात आणि डोळे मिटून सेट माझ्या हाती देतात.

तसेच पवनानगरचे एक चाचा आले. तरुणपणी ते मावळात लग्नांना, जत्रांना लाऊडस्पीकर लावायचे. त्या दिवसांतला एकच अँप्लिफायर त्यांनी जपला होता. पण गाण्याखाली सतत ‘घूं’ असा आवाज यायचा. मी फिल्टरचे कंडेन्सर बदलले, व्हॉल्व्ह बदलून पाहिले. दुकानात सेट शांत. त्यांच्या घरी नेऊन जोडला की पुन्हा घूं.

कारण घरातच होतं. रेकॉर्ड प्लेयर एका भिंतीच्या बोर्डावर होता, अँप्लिफायर समोरच्या. दोघांना वेगवेगळं अर्थिंग मिळत होतं आणि त्या फेऱ्यातून घूं आत शिरत होती. दोन्ही प्लग एका बोर्डावर आणायला नवी वायर ओढावी लागणार होती. तास-दीड तासाचं काम. मला परतीची जीप गाठायची होती. मी अँप्लिफायरच्या प्लगमधली हिरवी तार, म्हणजे अर्थिंगची, कापून टाकली. घूं त्याच क्षणी थांबली.

“मिस्त्री, हाताला जादू हाय तुमच्या!” चाचा म्हणाले.

मी हसलो. ट्रान्सफॉर्मर जुना आहे, त्यातून थोडा करंट सेटच्या पत्र्यावर उतरतोय, हे मी मीटरवर पाहिलं होतं. रेकॉर्ड प्लेयरची तार जोडलेली आहे तोवर तो करंट तिकडून जमिनीत जाईल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दोन महिन्यांनी सकाळी चाचांचा फोन आला. “प्लेयरची सुई मोडली बघा. काढून ठिवला, आठवडा झाला. आता सूनबाईचा मोबाईल जोडलाय, झकास वाजतंय.”

म्हणजे करंटची जमिनीत जायची वाटच गेली होती. “चाचा, सेटला हात लावला की काही होतं का?”

“चावतंय जरा. जुनं सेट चावतातच की. आमी जत्रंत फळीवर हुबं ऱ्हाऊनच चालवायचो. आता बी फळी टाकलीय म्होरं.”

तेव्हाच सांगायला हवं होतं, प्लग काढा, चूक माझी आहे. पण मी म्हणालो, “बरं, येऊन बघतो एकदा.” फोन ठेवला आणि मग लक्षात आलं : फळी चाचांच्या पायाखाली आहे. सुनेच्या नाही. परत फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. पवनेच्या काठी रेंजचं असंच असतं.

दुकान उघडं टाकून निघालो. कामशेतला जीप भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना. मी म्हटलं, “रिकाम्या सगळ्या सीट माझ्या, चला.” तो मागच्या मावशींना म्हणाला, “सायबांचं लगीन लागतंय वाटतं!” सगळे हसले. मी वाटभर फोन लावत होतो.

घराचं दार उघडं होतं. गाणं चालू होतं. सून अनवाणी, ओल्या फडक्याने लादी पुसत सेटच्या टेबलापर्यंत पोचली होती. टेबल पुसायला तिने हात वर उचलला.

“हात लावू नका!” मी एवढ्या जोरात ओरडलो की तिच्या हातातलं फडकं पडलं.

“अहो भाऊ, काय झालं? साप हाय का?”

मी बोर्डाचं बटण बंद करून प्लग उपटला. मग सुनेला लांब कोरड्या जागी उभं केलं, फळीवर चढलो, पुन्हा सेट लावला आणि पत्र्याला टेस्टर टेकवला. आतला दिवा लख्ख पेटला. गाणं बंद पडलं म्हणून आतून आलेल्या चाचांनी तो पाहिला. आयुष्यभर वायरी ओढलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं? तरी मी सगळं सांगितलं. मीटरचं, हिरव्या तारेचं, जीपचंही.

 चाचा स्वतःचे तळहात बघत म्हणाले, “मला वाटायचं, सेट तर पयलंबी चावायचं, आता सोसंना म्हंजी माजंच हात म्हातारं झालं. मुंग्या येत्यात म्हणून डाक्टरकडं बी जाऊन आलो.”

सुनेने माझ्याकडे पाहिलं नाही. पडलेलं फडकं उचलून ती आत गेली.

त्या दिवशी मी हिरवी तार जोडली आणि तासभर घालवून भिंतीवरून नवी वायर ओढली. नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून आणेपर्यंत सेट लावायचा नाही, असं सांगून मी प्लगच काढून पिशवीत घातला. निघताना पाणीसुद्धा मागायचं धाडस झालं नाही.

ट्रान्सफॉर्मर बसवायला गेलो तेव्हा टेस्टरचा दिवा पेटला नाही. चाचांनी सुनेला बोलावलं आणि मला म्हणाले, “आधी तुमी हात लावा, मिस्त्री. फळी काढून.”

मी चपला काढल्या, नुकत्याच पुसलेल्या ओल्या लादीवर उभा राहिलो आणि पत्र्यावर पूर्ण तळहात ठेवला. ती दारातून बघत होती. मी हात काढला नाही, ती आत जाईपर्यंत.