शेवटच्या दात्यापर्यंत

२०१८ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. बायको गेल्यावर मुलाने, विजयने, मला जपानला मोरिओकात आणलं होतं. नोव्हेंबरातल्या एका सकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये साठीच्या एक बाई उकिडव्या बसून चाकाचे नट ढिले करताना दिसल्या. त्या वरच्या मजल्यावरच्या वैद्यबाई; वैद्य हे आडनाव. विद्यापीठात शास्त्रज्ञ, तीस वर्षं इथे, एकट्या. पहिला बर्फ पडायच्या आत साधे टायर उतरवून बर्फाचे टायर चढवायचं काम त्या कुणाला करू देत नसत.

मी चौथी शिकलेला माणूस, पण पस्तीस वर्षं बसडेपोत मेकॅनिक होतो. म्हटलं, "द्या इकडे." त्यांनी पाना दिला नाही. उलट विचारलं, "शिंदेभाऊ, बर्फात किती गाड्या काढल्यात?" एकही नाही. "मग बघा. बर्फाला तुमची नोकरी ठाऊक नाही." हे वाक्य त्या सगळ्यांनाच ऐकवत. मला मात्र ते फार लागलं.

विजयलाही त्यांनीच शिकवलं होतं. रात्री वायपर उभे करून ठेवायचे, नाहीतर काचेला चिकटतात. गोठलेल्या काचेवर उकळतं पाणी ओतायचं नाही, काच तडकते. आणि हॅण्डब्रेक ओढायचा नाही, गिअर नुसता 'पार्क'वर ठेवायचा. ओला ब्रेक रात्रीत गोठतो, मग चाक हलत नाही. "गाडीला झोपवा, बांधून घालू नका," असं त्या म्हणत. हे मला पटेना. हॅण्डब्रेक न लावता गाडी सोडली म्हणून मी डेपोत ड्रायव्हरांना शिव्या घातलेल्या. बाईंशी वाद घातला नाही. मनात म्हटलं, शिकवा पोरांना.

जानेवारीत साताऱ्याहून फोन आला, बाईंची थोरली बहीण शेवटच्या घटका मोजतेय. आई लवकर गेल्यावर याच बहिणीने त्यांना वाढवलेलं. सकाळच्या आगगाडीने टोकियो, तिथून दुपारचं विमान. विजय त्यांना स्टेशनवर सोडणार होता. संध्याकाळी मी त्यांची बॅग आमच्या गाडीत ठेवायला खाली गेलो. जागा जराशी उताराची. बॅग मागे ठेवली, पुढचं दार उघडलं आणि हॅण्डब्रेक ओढला, दांड्याचे दाते कटकट वाजत संपेपर्यंत. विचारसुद्धा केला नाही.

सकाळी इंजिन लागलं, पण मागची चाकं हलेनात. विजयने कोमट पाणी आणलं, बाई हातोडीने चाकावर ठोकत बसल्या. बर्फ इतका, की बाईंची आठवडाभर न हललेली गाडी उकरायलाच तास गेला असता, आणि टॅक्सीही वेळेत येईना. पाऊण तासाने चाक सुटलं, तोवर आगगाडी गेली होती. पुढची मिळाली, विमान मिळालं नाही. विजय कपाळावर हात मारत म्हणत राहिला, माझ्याच हातून ओढला गेला असणार. मी बाजूला उभा राहून बुटाने बर्फ उकरत होतो. बाई एवढंच म्हणाल्या, "थंडीच तशी होती रे, विजय."

त्या पोचायच्या पाच तास आधी बहीण गेली.

तीन आठवड्यांनी बाई परतल्या. एवढे दिवस मला धड झोप नव्हती. विजय रोज समोर जेवायला बसायचा, तरी सांगायला तोंड उघडत नव्हतं. या वयात मुलासमोर खाली बघायचं म्हणजे जड जातं. शेवटी त्याला सांगितलं, आणि तसाच जिना चढून बाईंकडे गेलो. त्या तांदूळ धूत होत्या. दारातूनच म्हटलं, "बाई, ब्रेक मी ओढला होता."

त्यांनी हात पुसले नाहीत. "ठाऊक आहे. दांडा शेवटच्या दात्यापर्यंत ओढलेला होता. विजयच्या हातात तेवढा जोर नाही."

"मग त्याच वेळी का नाही बोललात?"

"बोलून चाक सुटलं असतं?" बाई खाली बसल्या. फार थकलेल्या दिसत होत्या. "ताईने दोनदा विचारलं म्हणे, निघाली का. जा आता, शिंदेभाऊ. आज नको."

मी उतरून आलो.

त्यानंतर बाई चार हिवाळे होत्या. आता नाहीत. दर नोव्हेंबरात आमच्या गाडीचे टायर मीच बदलतो, आणि इमारतीत नवीन राहायला आलेली पोरं हॅण्डब्रेकला हात घालताना दिसली की ओरडतो. पण आठवते ती त्यांच्याकडून उतरून आल्यानंतरची सकाळ. बाईंची गाडी तीन आठवडे बर्फाखाली होती. मी फावडं घेऊन सगळी मोकळी केली, वायपर सोडवून उभे केले आणि त्या खाली येईपर्यंत थांबलो. त्या आल्यावर म्हटलं, "बाई, मला यातलं काही येत नाही. पहिल्यापासून सांगा."