सारंगीला इशारा

संध्याकाळी कार्यक्रम होता आणि रिकाम्या सभागृहात शेवटची तालीम चालली होती. माझ्या मैत्रिणीने व्हायोलिनच्या ताफ्यासाठी रचना लिहिली होती आणि तिच्या मधोमध सारंगीचा आलाप ठेवला होता. ताफ्यासमोर उभी राहून ती छडीने इशारे देत होती; छडी खाली आली की आलाप थांबायचा आणि सगळी व्हायोलिनं एकदम सुरू व्हायची. तीनदा फसलं. सारंगीवाले खाँसाहेब डोळे मिटून वाजवत, त्यांना छडी दिसणार कशी?

"फक्त त्या एका जागी माझ्याकडे बघा ना," ती म्हणाली. तिचा आवाज ताणला होता.

"बघायला लागलो की ऐकू येत नाही, बेटा."

मागच्या रांगेतून मला सगळं दिसत होतं. चुकणाऱ्याला निदान समजावता तरी येतं. इथे दोघंही बरोबर होते, त्याला काय करणार?

चौथ्यांदा आलाप सुरू झाला. तिने समोरची स्वरलिपी मिटली, मग डोळेही मिटले. व्हायोलिनवाले गज उचलून तिच्याकडे बघत राहिले. सारंगीचा सूर बारीक होत गेला, खाँसाहेबांनी श्वास सोडला आणि त्याच क्षणी छडी खाली आली. सगळी व्हायोलिनं एकदम उठली.

खाँसाहेबांनी दचकून डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहिलं. तिचे अजून मिटलेलेच होते.