नागरिकत्व अधिकारी मन्मथअप्पा

डाव्या हातात दोन जाड सुया गेल्या की मन्मथअप्पा उजव्या हाताने मोबाइल उघडायचे आणि म्हणायचे, "चला, कचेरी उघडली." नांदेडच्या ज्या दवाखान्यात मी डायलिसिसच्या मशीन सांभाळते, तिथे ते आठवड्यातून तीनदा मुदखेडहून रेल्वेने यायचे. तहसीलमधून निवृत्त झालेले अव्वल कारकून, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि मोबाइलमधल्या एका गावाचे नागरिकत्व अधिकारी.

चार तास पडून काढायचे म्हणून मुलीने त्यांना तो खेळ लावून दिला होता. त्यात प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे. कुणी लोहार, कुणी शिपाई, कुणी चोर. बोलायचे ते त्या सोंगातूनच. गावाला लिहिलेला कायदा होता. नवा आलेला माणूस आधी पाहुणा. दोन नागरिकांनी हमी दिली की अप्पा अर्ज तपासून त्याला नागरिक करत. मग त्याला घर मिळे, पंचायतीत बोलता येई. दहा दिवस न फिरकणाऱ्याचे नागरिकत्व आणि घर दोन्ही जाई. हे कलम अप्पांनीच घातले होते. त्याहून कडक नियम असा, की बाहेरच्या जगातले कारण आत सांगायचे नाही. सांगेल तो गावाबाहेर. घरात लग्न होते म्हणणाऱ्या एकाला अप्पांनी खरोखरच काढून टाकले. मी कुरकुरले तर म्हणाले, "माणूस काय बी बोलतो, मीना. कागद बोलतो ते खरं."

शेजारच्या खाटेवर अर्धापूरची सकुबाई असायची. केळीच्या बागांत मजुरी करणारी, तिशीही न उलटलेली. अप्पांनी तिला खेळात घेतले. एक हमी त्यांची, दुसरी माझी; त्यांच्या आग्रहाने मीही त्या गावची नागरिक झाले होते. नदीकाठी घर मिळाले त्या दिवशी ती मशीनवर पडल्या पडल्या हसत सुटली. "अप्पा, माज्या नावावर पैलंच घर हाय बगा."

उन्हाळ्यात मोफत डायलिसिसच्या सरकारी योजनेतली तिची मंजुरी थांबली. रेशनकार्डावर नाव सकुबाई, आधारवर शकुंतला. दोन्ही एकच बाई, असा दाखला हवा होता. तो येईपर्यंत खाट दुसऱ्याला दिली गेली. अप्पांनी त्या खाटेकडे पाहिले. मग म्हणाले, "असले अर्ज मी तीस वर्षं परत केले. नावात फरक, पुढच्या आठवड्यात या. कोण पुन्हा आलं, कोण न्हाई, कधी बघितलंच न्हाई."

तिचा नवरा दत्ता कुठून तरी आठवड्याला डायलिसिसची एखादी पाळी मिळवत होता. तिच्या अंगावर सूज चढली. मोबाइल धरायचीही ताकद उरली नाही. अकराव्या दिवशी, बुधवारी, तिच्या घराचा विषय खेळातल्या पंचायतीपुढे आला. अप्पा एका अंगठ्याने लिहीत होते. आधी सोंगातूनच म्हणाले, बाई यात्रेला गेली आहे, मुदत द्या. पंचांनी विचारले, रजेचा अर्ज कुठे आहे? अप्पांचा अंगठा थांबला. मग त्यांनी लिहिले, "ती खरंच मरायला टेकली हाय. तेवढं एक घर ठेवा तिचं."

"अप्पा, नका," मी म्हणेपर्यंत पाठवून झाले होते.

घर गेले. बाहेरचे कारण आत आणले म्हणून अप्पांचे नागरिकत्वही गेले. निकालाखाली नियम शब्दश: उतरवला होता. "बरोबर हाय त्यांचं," अप्पा म्हणाले. "मी बी हेच केलं असतं." त्यांचा बीपी इतका घसरला की मला मशीन हळू करावी लागली.

दुसऱ्या दिवशी ते दत्ताला घेऊन तहसील कचेरीत गेले. तिथला तरुण कारकून कागद उलटून म्हणाला, "काका, नावात फरक आहे. सोमवारी या." अप्पांनी, दत्ता सांगतो, त्या पोरासारख्या माणसापुढे हात जोडले. "बाळा, तवर ती ऱ्हात न्हाई."

सोमवारी अप्पांची स्वत:ची पाळी होती. ते आले नाहीत. मी फोनवर ओरडले. "रांगेत हाय," एवढेच म्हणाले. दत्ता बायकोपाशी होता, त्यामुळे रांगेत ते एकटेच उभे होते.

अप्पा दोन महिन्यांनी गेले. मला मात्र ते आठवतात ते मंगळवारचे. पाय सुजलेले, श्वास लागलेला, तरी दारातूनच त्यांनी तो दाखला उंच धरला. "बघ, मीना. दोन्ही नावं एकच बाई. शिक्का हाय. लाव तिची पाळी."

दत्ताचा फोन मला सकाळीच आला होता. मी सांगितले.

"कवा?"

"काल दुपारी."

ते खाटेवर बसले. दाखला पुन्हा एकदा वाचला, वरपासून खालपर्यंत, कारकुनाच्या नजरेने. मग सुयांसाठी हात पुढे करत हळूच विचारले, "आता ह्यो कुठं दाखल करायचा?"

मला शीर सापडेना.