विंझरच्या खळ्यावर माया लोकांचा चेंडू

आदरणीय आतारसर विंझरला इतिहास शिकवायला आले तेव्हा मी सातवीत होते. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर मेक्सिकोचा नकाशा काढला. आम्ही चाट पडलो. राजगड डोळ्यांसमोर असताना हे कुठलं खूळ! पण सरांची वाणीच अशी रसाळ, की ओल्मेक, माया, अझ्टेक ही माणसं आम्हाला शेजारच्या आळीतली वाटू लागली.

समुद्रकाठचे ओल्मेक झाडाच्या चिकापासून रबराचा चेंडू करत, आणि त्यांचा खेळ पुढे मायांच्या रानावनांतल्या नगरांपर्यंत पसरला, हे सर रंगवून सांगत. मायांच्या कथेत तर दोन जुळे भाऊ पाताळात उतरून मृत्यूच्या देवांशी हाच खेळ खेळतात.

त्याच वर्षी आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी शाळा बंद करायचं ठरवलं. सर घरी आले. अण्णांनी चहा दिला, मान दिला, पण मुलीच्या जातीला सातवी लई झाली, हा हेका काही सोडला नाही. सरांनी वाद घातला नाही. शाळेच्या संमेलनाला तेवढं या, एवढंच म्हणाले.

संमेलनात सरांनी शाळेमागच्या खळ्यावर तोच खेळ मांडला. टेम्पोच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून चेंडू केला, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव कड्यासारखी आंब्याला बांधली. हातपाय लावायचे नाहीत, चेंडू कमरेनंच मारून धावेतून काढायचा. मुलींनी चारचौघांत असं खेळावं का, अशी कुजबुज सुरू होताच सरांनी सगळ्यांत आधी स्वतःच्या मुलीला उतरवलं. मग एकेक करून आम्हीही उतरलो.

मुलं आमची टिंगल करत खेळायला उतरली आणि तोंडावर आपटली. रोज कमरेवर कळशी घेऊन चढ चढणाऱ्या पोरी आम्ही, कंबर कुठं कशी वळवायची हे आम्हाला कुणी शिकवायला नको होतं! शेवटचा चेंडू माझ्याकडे आला. जीव खाऊन हाणला, तो धावेतून पार! सारं खळं उठून उभं राहिलं. आजही सांगताना अंगावर काटा येतो.

अण्णा गर्दीतून पुढे आले. वाटलं, आता हात धरून घरी नेतात. ते सरांसमोर जाऊन थांबले.

"सर, पोरगी तुमच्या हवाली. कुठवर शिकवायची ते तुमी ठरवा."

सरांनी ठरवलं, म्हणून आज मी भोरला महाविद्यालयात इतिहास शिकवते. सरांच्या साठीनिमित्त त्यांना उदंड, निरोगी आयुष्य चिंतताना मी अण्णांना विचारलं, तुमच्याकडून काय लिहू? ते म्हणाले,

"लिव्ह, सर, तब्येतीला जपा. लई पोरींचे बाप अजून अडून बसल्यात."