आईला बोलायचं होतं

परवा राजवाड्यापाशी लग्नाची सजवलेली गाडी उभी होती. ओल्या झेंडूचा आणि डिझेलचा मिसळलेला वास आला आणि मला दादा आठवला. सीमेवर मारला गेलेला माझा दादा अशाच फुलांनी मढवलेल्या लष्करी ट्रकमधून घरी आला होता.

गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. दादाच्या शवपेटीवर हात ठेवून आई म्हणत होती, "अरे, जरा चुप बसा ना! मला त्याच्याशी बोलायचंय."

"और जोर से!" शेजारचे भिया ओरडले. 'अमर रहे' सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणाले. आईला अभिमान वाटेल, असं मला वाटलं. तेवढ्यात पेटी उचलली गेली.

पुढे कितीतरी वर्षांनी मी विचारलं, "आई, तेव्हा काय सांगायचं होतं गं?"

"ते त्याच्यासाठी होतं," ती म्हणाली. "तू नारे दे."